कोरड्या गावातली ओली भिंत

नांदेडला तपासणीला गेले की दवाखान्याच्या बाकड्यावर एखादी तरी बाई खोकत बसलेली असते. मी शेजारी जाऊन बसते आणि विचारते, बाई, घरात पाणी कुठं साठवता? ती अशी बघते माझ्याकडं, की हिला नेमकं कोणत्या डॉक्टरकडं न्यायचं होतं आणि कुठं आणलं. खोकल्याचा आणि घागरीतल्या पाण्याचा काय संबंध? मलाही वाटलं नव्हतं. मी सांगायला लागते तोवर तिचा नंबर लागतो आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. म्हणून आता बसून लिहिते आहे. ज्यांना उपयोग होईल त्यांनी वाचावं, आणि ज्यांचा खोकला साधाच निघेल त्यांनी करमणूक म्हणून वाचावं. मला दोन्ही चालतं.

माझं नाव महानंदा. माहेर कंधारचं, सासर लातूरचं. मुलगी लग्न होऊन निलंग्याला गेली, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. मी, आमचे मालक आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मालकांचं भांड्याचं दुकान आहे. दुष्काळात कापड खपत नाही, सोनं खपत नाही, पण घागरी आणि बॅरल लई खपतात. त्या साली दुकानात गर्दी होती आणि घरात पाणी नव्हतं.

हौद

त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आम्ही ते आमच्या डोळ्यांनी पाहिलं. नळाला पाणी कधी यायचं हे कुणीच सांगू शकत नव्हतं. टँकर आला की बायका हातातलं पीठ न धुता पळायच्या. लोकांनी पाण्याच्या टाक्यांना कुलपं घातली होती. कुणाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलं, तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, रोज कुणीतरी खोली भाड्यानं मागायला दारात उभं. सासऱ्यांनी मग आमच्या निजायच्या खोलीची मागची खिडकी विटांनी बुजवली आणि पलीकडं भाडेकरूसाठी एक खोली काढली. पुढं साहेब लोकांनी आपापले बंगले बांधले आणि ती खोली रिकामी राहिली. उजेड नाही, वारा नाही. दुष्काळ पडला तेव्हा आत्याबाईंना त्या खोलीची आठवण झाली. बुजवलेल्या खिडकीच्या भिंतीला लागूनच त्यांनी छातीएवढा सिमेंटचा हौद बांधून घेतला. नळाचं, टँकरचं, मिळेल तिथलं पाणी आणून तो भरला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

हौदाच्या त्या अंगाला भिंत, आणि भिंतीच्या ह्या अंगाला माझी उशी. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आत्याबाईंना नावं ठेवू नका. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. त्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी बहीण डबक्यातलं नासकं पाणी प्यायली, हगवण लागली आणि गेली. हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता. त्यानंतर भरलेली घागर दिसली की त्यांना बरं वाटायचं, आणि रिकामी दिसली की त्या कासावीस व्हायच्या. हौद त्यांच्या जिवाचा आधार होता.

रोज सकाळी त्या हौदात काठी बुडवून पाणी मोजायच्या. मग अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा. पूजेलासुद्धा मोजके थेंब. काठीवरची ओल रोज हिशेबापेक्षा जरा खालीच यायची. आत्याबाई माझ्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, सुनेचा हात सैल आहे. मी शपथा घेऊन बेजार व्हायचे. वापरलेलं पाणी आणि कमी झालेलं पाणी काही केल्या जुळायचं नाही.

काळे ठिपके

हिवाळ्यात एकदा कपाट सरकवलं तर मागं भिंतीवर काळे ठिपके. मला वाटलं कुणीतरी काजळाचं बोट पुसलं. फडक्यानं पुसले, गेले, आठवड्यात परत आले, आणि सोबत पाहुणे घेऊन आले. खोलीला जुन्या पोत्यासारखा वास यायला लागला.

मालकांचे एक दोस्त रंगाच्या दुकानाचे. त्यांनी बुरशी न धरणारा रंग सुचवला आणि एक डबा दिला. मालकांनी अंगावर जुनी बनियन चढवली आणि स्वतःच स्टुलावर उभे राहिले. मी खालून स्टूल धरलं. डब्यावरच्या सूचना त्यांनी मोठ्यानं वाचल्या. भिंत पूर्ण कोरडी असल्याची खात्री करा, असं लिहिलेलं होतं. ते वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या साली लातुरात विहिरी कोरड्या, बोअर कोरडे, माणसांचे ओठ कोरडे. भिंत तेवढी ओली कशी असेल? खात्री करायची गरजच वाटली नाही.

रंग मात्र झकास बसला. भिंत दह्यासारखी पांढरी झाली. आत्याबाई येऊन बघून गेल्या आणि चक्क बरं झालं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. मी पलंग परत भिंतीला लावला आणि निवांत झोपायला लागले.

माहेरचा गुण

खोकला त्याआधीच सुरू झाला होता. आधी कोरडी ढास, मग संध्याकाळी अंगात कणकण, मग जिना चढताना दम. वजन उतरलं. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर झाले, काढे झाले, क्षयाची तपासणी झाली. त्या तपासणीचा निकाल येईपर्यंत माझं ताट-वाटी मीच वेगळं ठेवलं होतं. निकाल चांगला आला, पण खोकला काही जाईना. दम्याचं म्हणून पंप दिला. त्यानं थोडं बरं वाटायचं, परत तेच.

आणि एक गंमत अशी, की मी कंधारला गेले की बरी व्हायचे. दादाकडं चार दिवस राहिले की खोकला कमी, ताप गायब, भूक लागायची. लातूरला परतले की त्याच संध्याकाळी अंग तापायचं आणि छाती आवळायची. आता सुनेचं दुखणं माहेरी थांबतं आणि सासरी सुरू होतं, म्हटल्यावर लोक काय समजतात ते मी तुम्हाला सांगायला नको. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, हिला माहेरचा गुण येतो. बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. एकदा मालकांनीही विचारलं, की तुला इथं काही त्रास आहे का, कुणी काही बोललं का. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

सगळ्यात वाईट काय, तर पुढं पुढं मलाही तसंच वाटायला लागलं. मी न्हाणीघरात बसून विचार करायचे, की खरंच का माझं मनच असं करत असेल? खोकला आला तरी मी दाबून धरायचे. दाबलेला खोकला पोटात कळ आणतो. मग मी कंधारला जाणंच सोडलं. माहेरी बरं वाटणं हा गुन्हा झाला होता, आणि मला तो करायचा नव्हता.

जाणं सोडलं आणि आजारानं उचल खाल्ली. ऐन उन्हाळ्यात एके दुपारी चुलीपाशी बसल्या बसल्या ओठ निळे पडले. मालकांनी दुकान तसंच उघडं टाकलं. दादा कंधारहून गाडी घेऊन आला आणि मला नांदेडला नेलं.

नांदेड

ऑक्सिजनची नळी नाकाला लावली तेव्हा मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. श्वास घेणं इतकं सोपं असतं हे मी विसरूनच गेले होते. आपण दिवसभर फुकटात केवढी मोठी गोष्ट करत असतो, हे त्या नळीनं मला दाखवलं. आजही कधी कधी कणीक मळताना मी थांबते आणि नुसताच एक मोठा श्वास घेऊन बघते.

दवाखान्याचा दिवस पहाटे झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग सिस्टर बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायच्या, आकडा बघून कधी मान हलवायच्या, कधी नुसत्याच निघून जायच्या. त्यांच्या मानेवरून मी माझा दिवस ठरवायचे. शेजारच्या खाटेवर हदगावकडच्या रुक्मिणबाई होत्या. कापूस वेचून आयुष्य गेलेलं, छातीचंच दुखणं, पण तोंड दिवसभर चालू. मी रडायला लागले की म्हणायच्या, "काय करून राहिली गं, नळीत पाणी जाईल ना." मला हसू यायचं. घरून आलेल्या भाकरीतली चतकोर त्या माझ्यापुढं सरकवायच्या आणि मी खाईपर्यंत दुसरीकडं बघायच्या नाहीत.

छातीच्या डॉक्टर बाई होत्या. कमी बोलायच्या, जास्त ऐकायच्या. त्यांनी फोटो काढले, नळ्या फुंकायला लावल्या, रक्त घेतलं. फुफ्फुसांना सूज आहे, पण कशानं ते कळत नाही, म्हणाल्या. घरात कबुतरं आहेत का, विचारलं. पिठाची गिरणी आहे का, विचारलं. मी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेले. मला एकच भीती होती, की ह्यांनाही काही सापडणार नाही आणि मग हे माझ्या मनाचे खेळच आहेत असं ठरेल.

आत्याबाई बोलल्या

आत्याबाई मला बघायला एसटीनं आल्या. पिशवीत घरच्या पाण्याची बाटली होती. पूजेला परगावचं पाणी नको म्हणून. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांनी पूजा केली, माझ्या कपाळाला विभूती लावली आणि हात तसाच थोडा वेळ ठेवला. तेवढ्यात डॉक्टर आल्या आणि कधीपासून आहे, कधी वाढतं, परत तेच प्रश्न सुरू केले. मी सांगत होते. आत्याबाईंना राहवलं नाही.

"म्हायेरी गेली की ठणठणीत असती बगा," त्या म्हणाल्या. "हितं आली की लागली खोकायला. हिला आमचं घरच सोसत न्हाई."

मी डोळे मिटून घेतले. सगळ्या वॉर्डासमोर पुन्हा तेच. मला वाटलं, ही नळी काढून टाकावी आणि उठून चालायला लागावं, कुठंही.

खाट हलली म्हणून मी डोळे उघडले. त्यांनी हातातला पेन खिशाला लावला होता आणि त्या आत्याबाईंच्या शेजारी खाटेवर टेकल्या होत्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "आत्ता काय बोललात ते पुन्हा सांगा. सावकाश."

आत्याबाई बावचळल्या. त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. तरी त्यांनी सांगितलं. माहेरी गेल्यावर किती दिवसांत खोकला थांबतो, परतल्यावर किती वेळात ताप चढतो, दर वेळेस असंच होतं का. आणि मी चकित होऊन ऐकत राहिले, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. माझा प्रत्येक ताप, प्रत्येक जागरण त्यांच्या ध्यानात होतं. टोमणा मारायला का होईना, त्या बाईनं माझ्याइतकंच माझ्या दुखण्यावर लक्ष ठेवलं होतं.

"बरोबर बोललात आजी," डॉक्टर म्हणाल्या. "यांना घरच सोसत नाही. घरात काहीतरी आहे. आता ते शोधू."

ज्या वाक्यावर मी वर्षभर रडले, त्याच वाक्यानं माझा आजार सापडला. ह्याचं नवल माझ्या मनातून अजून जात नाही.

काचेखाली

मालकांनी घरातल्या खोल्यांचे फोटो काढून आणले आणि मोबाइलवर दाखवले. डॉक्टर एका फोटोवर थांबल्या. आमची पांढरी भिंत. पलंगाच्या डोक्याशी रंग पुरीसारखा फुगला होता आणि एका ठिकाणी पोपडा सुटून आतलं काळं दिसत होतं. मी तिथं झोपत होते तरी मला ते दिसलं नव्हतं, कारण माझी पाठ भिंतीकडं असायची. मालकांनी दुसऱ्या दिवशी तो पोपडा स्टीलच्या छोट्या डबीत घालून आणला.

डॉक्टरांनी तो तपासायला दिला आणि मग मला चाकाच्या खुर्चीवर बसवून खाली प्रयोगशाळेत नेलं. आत्याबाई आणि मालक सोबत होते. काचेखालचं चित्र समोरच्या पडद्यावर मोठं करून दाखवलं. मी आयुष्यात कधी इतकी थक्क झाले नव्हते. ज्याला मी काजळाचा डाग समजून फडक्यानं पुसत होते, ते एक अख्खं रान होतं. बारीक बारीक काड्या उभ्या, काड्यांच्या टोकांना फांद्या आणि फांद्यांना ओळीनं गुंफलेले मणी. एकेक मणी इतका हलका, की खोलीत कुणी चाललं तरी उडेल. तेच मणी मी वर्षभर श्वासासोबत आत घेत होते. ज्यानं मला मरणाच्या दारात नेलं ते इतकं देखणं असेल असं मला वाटलं नव्हतं. भीती वाटायची ती पुढं वाटली. त्या घडीला मी नुसती बघत राहिले.

आत्याबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "कुणी पेरलं ओ ह्ये?" त्यांनी विचारलं.

कुणीच नाही, डॉक्टर म्हणाल्या. हे हवेत सगळीकडं असतंच, ओल मिळाली की उगवतं. काही माणसांची फुफ्फुसं त्याकडं काणाडोळा करतात, काहींची त्याच्याशी भांडायला उठतात. माझी भांडकुदळ निघाली. रंगाचा काही दोष नव्हता. रंग वरून बुरशी धरू देत नाही, पण भिंतीच्या पोटात पाणी असेल तर रंग ते कोंडून ठेवतो, आणि रंगाच्या पाठीमागं हे रान वाढत राहतं.

"शिवारात यंदा काय उगवलं न्हाई," आत्याबाई स्वतःशीच म्हणाल्या. "अन् ह्ये उगवलं."

मग डॉक्टरांनी विचारलं, की भिंतीला पाणी कुठून येतं. मालकांनी आईकडं पाहिलं. आत्याबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

कुलूप

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्यांनी सूज उतरेल. पण मी त्या घरात परत गेले तर परत चढेल, आणि असं होत राहिलं तर फुफ्फुसांवर व्रण पडतील. ते व्रण कोणत्याही औषधानं जात नाहीत. हौद काढा, भिंत उघडी करा, वाळू द्या, मगच घरी न्या.

वॉर्डात परत आल्यावर मालक आईला म्हणाले, की माय, पाणी काढावं लागतं. आत्याबाईंनी कमरेची किल्ली पदराखाली झाकली. मग म्हणाल्या, पाऊस पडेपर्यंत हिला कंधारला राहू द्या. दादा म्हणाला, खुशाल राहू दे, तिचंच घर आहे.

ते माझं घर नव्हतं, हे मला माहीत होतं. दादाचं घर होतं, वहिनीचं होतं. पाऊस पडेल की नाही कुणाला ठाऊक? मागच्या साली पडला नव्हता, त्याच्या मागच्याही साली नाही. अर्धं आयुष्य ज्या घरात गेलं तिथं मी आता पाहुणीसारखीसुद्धा जाऊ शकणार नव्हते. आणि म्हणू तरी काय? पाणी फेका, म्हणू? त्या दिवसांत तसं म्हणायला माझी जीभ रेटली नसती. मी मालकांना एवढंच सांगितलं, की ह्यावरून आत्याबाईंना काही बोलू नका. त्यांची बहीण चांगल्या पाण्यावाचून गेली होती. रुक्मिणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "पाण्यानं आजारी पडली व्हय? हदगावला पाठवून दे ते पाणी." मला हसू आलं नाही, तेव्हा त्यांनी मुकाट्यानं संत्रं सोलून हातावर ठेवलं.

दवाखान्यातून सुटल्यावर मी कंधारला गेले. तिथं असताना शेजारच्या सलमाबीचा लातूरहून फोन आला. आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी खबर तिच्याकडं असते. ती म्हणाली, भाभी, तुमच्या सासूनं आज कमाल केली. सकाळीच आत्याबाईंनी अंधाऱ्या खोलीचं कुलूप काढलं होतं आणि दारात उभं राहून गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या होत्या. घागरी घेऊन या. कुणी आलंच नाही आधी. त्या घरातून पाण्याचा तांब्या बाहेर गेलेला कुणी पाहिला नव्हता. सलमाबीच पहिली गेली. आत्याबाई हौदाच्या काठावर बसून घागरी भरून देत होत्या. बायका विचारत होत्या, की आत्या, काय झालं, कशापायी? त्या प्रत्येकीला एकच उत्तर देत होत्या. सुनेला दम लागतो.

पाणी तळाला गेलं तेव्हा त्या स्वतः हौदात उतरल्या. त्या वयात. जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं तळ टिपून तो बादलीत पिळला आणि ती बादली गल्लीच्या तोंडाच्या लिंबाला घातली. एक थेंब मोरीत जाऊ दिला नाही. मग मालकांना म्हणाल्या, आता फोड.

फोन ठेवून मी परसात गेले आणि मोठ्यानं रडले. वहिनी घाबरून धावत आली. मी खोकत नव्हते, एवढं आधी तिच्या लक्षात आलं.

भिंत

हौद फोडल्यावर गिलावा खरवडला, तर आतल्या विटा माणसाच्या उंचीपर्यंत काळ्याशार. मालक सांगत होते, हात लावला की पंजा ओला व्हायचा. रेल्वेनं पाणी आणणाऱ्या गावात आमच्या घरची भिंत गुपचूप पाणी पीत बसली होती. आत्याबाईंच्या काठीचा हिशेब त्या दिवशी जुळला. मालक म्हणाले, माय बराच वेळ भिंतीकडं बघत होती आणि मग म्हणाली, सुनेचा हात सैल नव्हता. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मालकांनी सांगितलं, मला तेवढं पुरलं.

मग सासऱ्यांनी बुजवलेली खिडकी मोकळी केली आणि तिच्यासमोर अंधाऱ्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीलाही एक मोठी खिडकी काढली. जिल्हा नवा होता तेव्हा बंद झालेला उजेड आमच्या निजायच्या खोलीत परत आला. भिंत उघडी ठेवली. कडक ऊन, आरपार वारा. दुष्काळानं आमचं एवढं एक काम केलं.

त्या पावसाळ्यात पाऊस आला, चांगला आला. डॉक्टरांच्या परवानगीनं मी घरी परतले तेव्हा माझ्या खोलीची एक भिंत नुसत्या विटांची होती, आणि पाण्याचे बॅरल अंगणात पत्र्याखाली, स्टँडवर, कोणत्याही भिंतीला न टेकता झाकून ठेवलेले होते. मालकांना ती भिंत बघवत नव्हती. ते महिन्याभरातच गिलावा करून रंग लावू म्हणायला लागले. तसा रंगाचा डबा आणूनही ठेवला. आत्याबाईंनी तो उचलून माळ्यावर टाकला.

भिंत वाळली का बघायची एक सोपी रीत डॉक्टरांनी सांगितली होती. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, की आतून दव धरतंय का. दव दिसलं तर भिंत ओली, रंगाला हात लावायचा नाही. तुमच्याकडंही असंच करा, आणि ठिपके दिसले तर रंगाच्या आधी पाणी शोधा. आमच्याकडं हे काम आत्याबाईंनी स्वतःकडं घेतलं. पूर्वी काठी बुडवायच्या, आता कागद बघायच्या. आधी कागदावर थेंब दिसायचे, मग नुसती वाफ धरल्यासारखं, मग काहीच नाही. तेव्हा गिलावा झाला. तो वाळेपर्यंत आणि नंतरही कागद चालूच राहिला. पुढं त्यांचा कागदावरचाही विश्वास उडाला. त्या भिंतीला गाल लावून उभ्या राहायला लागल्या.

भाऊबीज

दिवाळीत एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या, म्हायेरी जाऊन ये. मी म्हटलं, काय गरज आहे, दादाच येईल इकडं. त्या म्हणाल्या, जा म्हणते तर जा. निघायच्या आधी त्यांनी मला पाठमोरं बसवलं, पाठीवरचा पदर बाजूला सारला आणि पाठीला कान लावला. डॉक्टरांना पाठीला नळी लावून श्वास ऐकताना त्यांनी पाहिलं होतं. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हलले नाही.

कंधारला मी चार दिवस राहिले. वहिनीसोबत किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं चालत गेले, कुठंही न थांबता. खंदकात पाणी होतं. वहिनी सारखी म्हणत होती, बस जरा, आणि मी चालतच होते. छातीत हवा जात होती आणि येत होती. ह्यापेक्षा मोठं सुख मला कुणी सांगितलं तरी पटणार नाही. फक्त एक भीती होती. मी इथं बरी आहे, पण इथं तर मी नेहमीच बरी असायचे.

लातूरला परतले त्या संध्याकाळी आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं बघत नव्हते. जेवणं झाली, भांडी झाली. पूर्वी ह्या वेळेपर्यंत अंग तापलेलं असायचं. मी झोपले. सकाळी उठले तर आत्याबाई पूजा आटोपून खोलीच्या दारात उभ्या. आत आल्या, पलंगावर माझ्या मागं बसल्या आणि पाठीला कान लावला. खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं. त्यांचा कान थंड होता. त्या किती वेळ ऐकत होत्या कुणास ठाऊक.

"कंधारला असाच चालायचा का गं श्वास?" त्यांनी विचारलं.

"असाच," मी म्हटलं.

"हितं बी असाच हाय," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, पदरानं डोळे पुसले आणि दारातून मालकांना हाक मारली.

"माळ्यावरचा त्यो रंग काढ," त्या म्हणाल्या. "आता लाव."